पुढे पळवलेला भाग

"साहेबांना सांगून ठेवलंय, उद्या आपण दोघं एकाच गाडीत. वहिनीला कळू देऊ नकोस, दादा."

हेरंब हे श्रीनिवासला म्हणाला तेव्हा मी त्याच्या काखेत होते. पडद्यामागे चहाचा ट्रे घेऊन वहिनी, म्हणजे रागिणीही होती. लग्नाला महिना झालेल्या मुलीचा घरात बांगड्यांएवढाच आवाज असतो, आणि त्या तिने कोपराकडे सारल्या होत्या.

मी व्हिडिओ कॅसेट बोलतेय. सेक्टर बावीसच्या दुकानातली, भाड्याने फिरणारी. अतिरेक्यांचे दिवस होते. चंदीगडमध्ये दिवेलागण झाली की माणसं घरात आणि मी टीव्हीत. माझ्या पोटात दोन पोलीस भाऊ आहेत. बँक लुटून पळणाऱ्या ट्रकवर ते दोघं एकदमच उडी मारतात. लोकांनी ती उडी मागे नेऊन नेऊन एवढी पाहिली, की तिथे माझ्यावर रेघा पडल्या आहेत.

हे दोघंही पोलीसच, साताऱ्याहून केंद्रीय दलात आलेले. उद्यापासून बँकेची रोकड नेणाऱ्या दोन गाड्यांवर त्यांचा पहारा. तसली एक गाडी नुकतीच लुटली गेली होती, पहारेकरी परतले नव्हते. एक भाऊ पुढच्या गाडीत आणि दुसऱ्याचा जीव मागच्या गाडीत टांगलेला, हे दोघांना नको होतं.

सिनेमा सुरू झाला. हिरोच्या पिस्तुलातल्या गोळ्या संपेचनात.

"यार दादा, एवढ्या गोळ्यांचा हिशेब कोण देणार?"

हेरंब म्हणाला, धाकटा भाऊ. तसली कामं त्याच्याच गळ्यात पडतात.

उडी झाली. त्यानंतर एक छोटा प्रसंग आहे. थोरल्याची बायको दार उघडते. दारात कुणी अनोळखी साहेब, टोपी हातात. लगेच पुढे गाणं असल्यामुळे हा भाग सगळेच पळवतात. हेरंबनेही पळवला. रागिणी उठली, तिने मला मागे नेलं आणि नेमकं त्या दारात थांबवलं. चित्र थरथरत राहिलं. हेरंबला वाटलं, वहिनीचं बटण चुकलं.

मला परत करायचं राहूनच गेलं. आता साताऱ्याच्या कपाटात पडून असते. मला चालवणारं यंत्र उरलं नाही, अंगावर बुरशी चढली आहे, आणि दोघा भावांची नातवंडं मला रचून घरं बांधतात. बांधू देत. मला पुसून पुन्हा चालवण्याच्या भानगडीत मात्र कुणी पडू नका. चित्र गेलं तर गेलं. रागिणीचं त्या रात्रीचं बोलणं माझ्या लक्षात आहे. लग्नानंतर त्या दोघांपुढे तिने पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं:

"भाऊजी, उद्या तुम्ही आणि हे वेगवेगळ्या गाड्यांत बसा. एकाचं बरंवाईट झालं तर दुसऱ्याने येऊन सांगायचं. परक्या माणसाला मी दार उघडणार नाही."