चाक उचलून पारखलेली

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. जुनी म्हणजे सात वर्षांची. त्यात तोंड वाकडं करण्यासारखं काही नाही.

श्रीरामपूरच्या दुकानात मी काळी, साधी उभी होते. शेजारी माझ्याच किमतीची एक पिवळीधमक होती. तिला गिअर, पुढे शॉकर, दांड्यावर इंग्रजी अक्षरं. गिऱ्हाईक तिच्याकडेच वळायचं. वळो बापडं.

एके दिवशी कोल्हारजवळच्या वस्तीवरून मुक्ताबाई आल्या. सोबत मुलगा अजिनाथ आणि आठवीतली नात रेश्मा. शाळा सात किलोमीटर लांब. आधीची सायकल वाटेत मोडून रेश्माचे दोन पेपर बुडाले होते. अजिनाथने बजावलं होतं, ही शेवटची. हीही मोडली तर शाळा बंद. पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं.

त्यानेच पिवळीवर हात ठेवला. "आई, तेवढ्याच पैशात गिअर मिळत्यात."

मुक्ताबाईंचा जन्म घोडेगावच्या बाजारात म्हशी पारखण्यात गेलेला. चालवून बघितल्याशिवाय त्यांनी कधी दावं हातात घेतलं नाही. त्यांनी पिवळीचं मागचं चाक उचललं आणि पेडल फिरवलं. चाक डुगडुगलं, आतून खरखरलं. तारा चिमटीत धरल्या, तर सैल. शॉकर दाबला, तर दबेचना. मग माझं चाक उचललं. ते सरळ फिरलं आणि फिरतच राहिलं. पेडल हलवून बघितलं, तसूभर ढिलं नाही.

दुकानदार म्हणाला, आजी, ही फारच साधी आहे.

"शिंगं रंगवल्यानं दूध वाढतं व्हय रं?" मुक्ताबाई म्हणाल्या. "तेवढ्याच पैशात तिला दागिने घातले, हिला हाडं दिली. आमाला हाडं पायजेत."

पिवळीचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. मी विचारतही नाही.

कालव्याकडेची खडी, उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाऱ्या, सगळं मी तुडवलं. टायर झिजले, ब्रेकची रबरं बदलली, रबर झिजणारच. चाकं मात्र अजून सरळ आहेत. दहावी झाली, बारावी झाली. रेश्माचा एकही पेपर बुडाला नाही. आता ती नगरला नर्सिंग शिकते.

मी गोठ्याच्या भिंतीला टेकून असते. कोंबड्या माझ्या सीटवर बसतात. परवा शेजारच्याने मला विकत मागितलं, तेव्हा अजिनाथ म्हणाला, "हिनं माझी पोरगी शिकवली. हिला इकायची न्हाई."

ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मित्रांनो, कौतुकाने गंज जात नाही. विकायची नसेल तर, बाबा, साखळीला दोन थेंब तेल घाल.