पातेलंभर झिंगे

सुदर्शनने तो झिंगा घेतला, तो केवळ त्याला एकट्याने राहणं मानवतं असं माशांच्या दुकानदाराने सांगितलं म्हणून. बोटभर लांबी, पाठीवर संगमरवरासारखे डाग. हर्सूलच्या त्या दोन खोल्यांत आपल्याइतकंच कमी बोलणारं आणखी कुणी असावं, एवढीच त्याची इच्छा होती. दोन महिन्यांत काचेच्या पेटीत शंभरेक पिल्लं झाली.

"ही जात सगळी मादीच असती, भाऊ," दुकानदार फोनवर म्हणाला. "नर लागतच नाय. परत मात्र मी घेणार नाय."

त्याच्या आईला, सरूबाईंना, यात काही नवल वाटलं नाही. राग आला तो पाण्याचा.

"नळ आठ दिवसांनी येतो, अन् मी ह्यांना आंघोळी घालू? तळ्यात सोडून ये."

"एक जरी तळ्यात गेली, तर तळं तिचंच होईल, आई. बाकीच्या माशांनी कुठं जायचं?"

"मग मारून टाक."

तेही त्याच्याने होईना.

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा सरूबाईंचा नेम. सुदर्शनने कडूबाईंच्या पातेल्यात, करुणाच्या डब्यात पाणी भरून मूठमूठ पिल्लं घातली आणि "तळ्यात, नाल्यात सोडू नका" असं बजावत दारोदार पोहोचवली. त्या गल्लीत इतकं तो आजवर बोलला नव्हता. पेटीतल्या पहिल्या मादीने पुन्हा पिल्लं घातली, की ती पुढच्या भांड्यातून जात.

सहासात महिने गेले. मग कडूबाई पातेलं घेऊन आल्या. "सरूबाई, रिकामं कसं आणू?"

पातेल्यात वळवळ होती. मागोमाग करुणा, तिच्यामागे आणखी चौघी. ओट्यावर जागा उरली नाही.

"तुमच्या पोरानं बजावलं म्हणून इथं आणलं," करुणा म्हणाली. "नाहीतर आमचे हे तळ्याकडेच निघाले होते."

सुदर्शनने एकेक भांडं उघडून पाहिलं. एकच एकटेपण इतक्या भांड्यांत भरून परत आलं होतं. मग त्याने गॅस पेटवला. सरूबाईंनी मसाला वाटायला घेतला.

संध्याकाळी त्याच पातेल्यांतून, त्याच डब्यांतून रस्सा घरोघर गेला.

"लई झणझणीत," कडूबाईंनी दारातूनच कळवलं. "परत कधी व्हतील?"

सरूबाईंनी पेटीत डोकावलं. दगडाआड पहिली बसली होती.

"हिला ठेवलंस व्हय?"

"एकटीच आहे, आई."

"तेच तर," म्हणत त्यांनी पेटीत तांब्याभर पाणी ओतलं.