दोन्ही टोकं सोडून

"सर, तुम्ही परत का आलात?"

विचारून झाल्यावर तिने जीभ चावली. प्रश्न तिचा नव्हताच. बाहेर जिन्यावर बसलेल्या दोघी मैत्रिणींचा होता. गणित विभागाचे सर तरुणपणी संशोधनासाठी परदेशात गेले आणि वर्षही पुरं न करता परतले, एवढं विभागातल्या शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. का परतले, ते विचारायची छाती मात्र कुणाची झाली नव्हती. "तू टॉपर ना, तुला काय खाणार आहेत ते?" असं लांबोडी म्हणाली, आणि सतत काहीतरी कुरतडणारी खारूताई म्हणाली, "नाही विचारणार ही. पैज लाव." झालं. एवढ्यावर बाईसाहेब चवताळल्या.

सरांनी मान वर केली नाही. वर्षभर परदेशी विद्यापीठात शिकायला जाण्याचा तिचा फॉर्म ते वाचत होते. डावीकडे इथल्या तिसऱ्या वर्षाचे विषय, उजवीकडे त्यांच्या बदल्यात ती तिकडे घेणार ते. तेवढे पास झाले की वर्ष धरलं जाणार, परत आल्यावर पदवी वेळेत हातात. उद्या दुपारी बारापर्यंत फॉर्म कार्यालयात पोचायला हवा होता. उजवा रकाना पेन्सिलीनेच भरायचा, सरांनी सही केली की त्यावर शाई फिरवायची, ही विभागाची जुनी रीत.

"हा पहिला विषय. हाच घेणार?"

"हो सर. त्यांच्याकडचा सगळ्यात वरचा आहे. मला इथे या विषयात सत्त्याण्णव होते."

"माहीत आहे. मीच दिले."

त्यांनी एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला.

"एक सिद्धता लिहून दाखव. शून्य ते एक, दोन्ही टोकं सोडून. तेवढ्या भागात फंक्शन सलग असेल, कुठे तुटत नसेल, तर त्याची किंमत एका मर्यादेबाहेर जात नाही."

तिला हसूच फुटलं. ही तर तिची लाडकी सिद्धता. उजव्या हाताचं पान, वरून तिसरी ओळ, एकूण अकरा ओळी. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती दात घासताना म्हणून दाखवायची. तिने एका दमात लिहिलं. शेवटी सिद्धता संपल्याची छोटी चौकट काढली आणि ती नेहमीसारखी गडद भरली.

सरांनी कागद वाचला. सावकाश, तांदळातले खडे शोधल्यासारखा.

"अक्षर सुंदर आहे. आता एक भागिले क्ष हे फंक्शन घे. क्ष शून्याकडे ने."

तिने खाली लिहिलं. क्ष एक दशांश, उत्तर दहा. क्ष एक शतांश, उत्तर शंभर. क्ष एक सहस्रांश... तिचा हात थांबला. किंमत वर, आणखी वर चालली होती. मर्यादा कुठेच नव्हती.

तिने स्वतःचीच पहिली ओळ पुन्हा वाचली. पुस्तकातलं विधान टोकं धरून होतं. सरांनी ती सोडायला सांगितली होती. ते तिने ऐकलं होतं, लिहिलंसुद्धा होतं. आणि मग जे खरंच नाही ते अकरा ओळींत, एकही खाडाखोड न करता, सिद्ध करून टाकलं होतं.

सरांनी सातव्या ओळीवर पेन्सिल टेकवली.

"हा बिंदू आतच राहतो, टोकाला जात नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

"पुस्तकात तसंच आहे, सर."

"पुस्तकात ते खरं आहे."

पंखा कुरकुरत होता. बाहेरून खारूताईच्या खोकण्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता, 'काय झालं' अशी विचारणा होती.

"तू विचारलंस ना, परत का आलो," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मीही टॉपर होतो. पहिल्या महिन्यात मला फळ्यापाशी बोलावलं आणि हेच झालं. कुणी हसलं नाही. त्यांना वाटलं, चुकून झालं असेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग मी मागच्या बाकावर बसायला लागलो. मग खोलीतच बसायला लागलो. घरी कळवलं, इथली थंडी सोसत नाही." त्यांनी टेबलावरचा रबराचा भुगा बोटाने एका बाजूला केला. "थंडी चांगली होती. मला आवडायची."

ती म्हणाली, "म्हणजे मी जाऊ नको?"

"असं मी कुठे म्हटलं? तुझे मार्क खरे आहेत. सही करतो मी." आणि त्यांनी ती केलीसुद्धा. "त्यांच्या यादीत अगदी तळाला पहिल्या वर्षाचा एक वर्ग आहे. सिद्धता रचायची कशी, हे तिथे मुळापासून शिकवतात. पण तो आपल्याकडे धरत नाहीत. तो घेतलास तर आल्यावर तिसरं वर्ष इथे करावं लागेल."

"मग मी काय लिहू, सर?"

"तेही मीच सांगू?"

जिन्यावर दोघी ताडकन उठल्या.

"विचारलंस?"

"विचारलं."

"मग? काय म्हणाले?"

तिने फॉर्म पिशवीत घातला. पिशवीचा बंद दोनदा नीट केला.

"थंडी सोसली नाही म्हणाले."

"एवढंच?" लांबोडीचा चेहरा पडला. "छे. मला वाटलं, काहीतरी भानगड असेल."

संध्याकाळी तिने वही काढली. एकेका सिद्धतेवर तळवा ठेवायचा, वरच्या विधानातली एक अट काढून टाकायची, आणि कुठली ओळ कोसळते ते न बघता सांगायचं, असा खेळ मांडला. अकरा सिद्धता झाल्या. दोन सांगता आल्या. त्यातली एक बहुधा अंदाजाने. मग ती अट परत जागेवर ठेवून सिद्धता म्हणून बघायची, आणि ती घडाघडा यायची. त्याचीच तिला आता धडकी भरली.

पेन्सिलीवर शाई फिरवायला दोन मिनिटं पुरली असती. सही होतीच. कुणी विचारणारही नव्हतं, निदान पहिला महिनाभर तरी. तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. शेवटी टोपण दातांत धरून ती किती तरी वेळ नुसती बसून राहिली.

सकाळी बाबा चहाच्या टेबलावर तिचा चष्मा फडक्याने पुसत होते. चष्म्याच्या दुकानात काम करून करून त्यांना घरातलीही काच मळलेली बघवत नसे.

"काल दुकानात एक बँकवाले आले होते," ते म्हणाले. "डोळे तपासायच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता वाचता म्हणाले, तुमची कन्या बाहेर चालली म्हणे. मी म्हटलं, हो, सगळ्यात वरच्या वर्गात घेतलंय तिला."

"गिऱ्हाईक अक्षरं वाचतंय आणि हे कौतुक वाचतायत," आई म्हणाली. ती उभ्यानेच पोस्टातल्या नोकरीवर न्यायचा डबा भरत होती. "आणि तू गं, रात्री धड जेवली नाहीस. अंगात कणकण आहे का?" तिने ओला हात तिच्या कपाळाला लावला.

"नाही गं."

"मग तोंड का असं? फॉर्म झाला ना?"

फॉर्म बशीशेजारी पडला होता. उजव्या रकान्यातली पहिली ओळ खोडरबराने पुसून कागद तिथे जरा विरला होता, आणि त्यावर निळ्या शाईने दुसरंच काहीतरी लिहिलेलं होतं. बाबांनी चष्मा तिच्याकडे देण्याऐवजी स्वतःच्या डोळ्यांवर चढवला, कागद लांब धरला, मग जवळ.

"हे काय आहे? पहिलं वर्ष?"

तिने चहाचा कप बाजूला केला.

"बाबा, आई, मी जाणार आहे. पण तिकडे पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर बसणार आहे. ते वर्ष इथे धरणार नाहीत, मला पदवीला एक वर्ष जास्त लागेल. कुणी चूक केलेली नाही, मला कुणी सांगितलेलंही नाही. मला गणित पाठ आहे, बाबा. येत नाही. आता मी ते शिकायला जाणार आहे."