वाडा कुठं हाय?

मंगल गेल्याचं भाऊसोला परक्या माणसाच्या मोबाइलवर कळलं.

कराडजवळ एका बागायतदाराच्या रानात त्यानं दोनशे मेंढरं बसवली होती. माण तालुक्यातले मेंढपाळ दिवाळी झाली की असेच खाली उतरतात, लेंड्यांनी रान खतवतात आणि पावसाच्या तोंडाला माघारी फिरतात. मंगलला ताप होता म्हणून या खेपेला ती घरी राहिली होती. भाऊसोचा फोन दोन दिवस बंद होता. सकाळी रानमालक चहाची किटली घेऊन आला आणि हळहळत म्हणाला, “तुमच्याकडची ती बाई गेली की ओ. लांडग्याचं व्हिडिओ टाकायची बघा. काल दवाखान्यात. आमच्या घरात समदी बघायची तिला.”

भाऊसोनं मोबाइल हातात घेतला. फोटोत मंगल होती. डोक्यावर पदर, खांद्यावर कोकरू.

“माझी बायको हाय ही,” तो म्हणाला.

रानमालकानं किटली तिथंच ठेवली. त्यानंच गाडी काढली. पण भाऊसो गावी पोचेपर्यंत भावकीनं अंत्यविधी उरकला होता.

मंगलच्या व्हिडिओला भाऊसो आजवर चाळा म्हणत आला होता. आता माणसं भेटायला यायला लागली, ती त्या व्हिडिओंबद्दलच बोलायची. मग त्यानं तिचा फोन घेतला आणि पहिल्यापासून बघायला बसला. दोन वर्षांत तिनं शंभरावर व्हिडिओ टाकले होते. एकात ती चिखलातला ठसा दाखवत होती. ‘माळावर बिबट्या आला’ म्हणून गावभर फिरलेला फोटो त्याच ठशाचा होता. “नखं उमटल्यात बघा. बिबट्या नखं आत घिऊन चालतो. ह्यो आपला कुत्रा हाय, उगं पुढं धाडू नगासा.” दुसऱ्यात लांडग्यानं नेलेल्या कोकराची जागा होती. तिचे डोळे ओले होते, तरी म्हणत होती, “ससं आमीच संपवलं, मग त्यानं खायाचं काय? इख घालू नगासा.” भाऊसोनं तो तीनदा बघितला. आपल्या शेजारी भाकरी थापणारी बाई एवढं बोलत होती आणि आपल्याला पत्ता नव्हता.

शेवटच्या व्हिडिओत तिनं माळावरची लांडगीण दाखवली होती. “बिळात पिल्लं हायती. भाईर आली की दावते.”

ते दाखवायचं भाऊसोनं मनावर घेतलं. मेंढरं गावी आणून त्याच माळावर बसवली आणि रोज बिळापासून लांबच्या टेकाडावर जाऊन बसला. नवव्या दिवशी पाच पिल्लं उन्हात आली. त्यानं मंगलच्या फोनवर व्हिडिओ घेतला आणि टाकला. खाली कुणीतरी लिहिलं, ‘पाव्हणं, वाडा कुठं हाय?’

मेंढपाळाला मेंढपाळानं विचारलेला हा पहिला प्रश्न. वाडा म्हणजे मेंढरांचा मुक्काम. याचं उत्तर खोटं द्यायचं नसतं, अशी रीत. भाऊसोला लिहायचं जमत नव्हतं; त्यानं फोनमध्ये बोलून उत्तर उमटवलं: ‘गोसाव्याच्या माळावर, तळ्याच्या वरच्या अंगाला.’

विचारणारा खरोखर मेंढपाळच होता. पण वाचणारे हजारो होते.

रविवारी माळावर सात गाड्या आल्या. एकानं वर ड्रोन उडवला, दोघं बिळात तोंड घालून फोटो काढत होते. संध्याकाळी भाऊसो गेला तेव्हा बीळ रिकामं होतं.

त्याची थोरली बहीण धोंडुबाई भडकली. “आरं, मंगीला काय कुणी इचारलं न्हवतं व्हय? वाच की जरा!”

भाऊसो अक्षर अक्षर लावत मागं गेला. तोच प्रश्न मंगलला साठ-सत्तर वेळा विचारलेला होता. प्रत्येकाला तिनं एकच उत्तर दिलं होतं: ‘आभाळाखाली.’ खोटंही नाही आणि ठिकाणही नाही.

“लय शानी हुती रं माझी भावजय,” धोंडुबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

लांडगीण पिल्लं घेऊन आसपासच असणार, म्हणून पुढच्या रविवारी भाऊसोनं दोनशे मेंढरं माळाच्या गाडीवाटेवर बसवली आणि मधोमध घोंगडं टाकून बसला. पाच गाड्या येऊन थांबल्या.

“मामा, मेंढरं हलवा की.”

“बसल्यात. उठली की सोडतो.”

“कधी उठणार?”

“त्यांनी मला सांगितलेलं न्हाई.”

एकजण हॉर्न वाजवायला लागला. तेवढ्यात मागून मोटारसायकलवर एक माणूस आला. सांगलीजवळच्या कुपवाडच्या कारखान्यात लेथवर काम करणारा, अवधूत नावाचा. तो उतरून थेट गाडीच्या काचेशी गेला.

“साहेब, मंगलताईचा एक तरी व्हिडिओ नीट ऐकलाय का? बिळाजवळ जाऊ नका, हे तिनं किती वेळा सांगितलं?”

“तुम्ही कोण? फॉरेस्टवाले?”

“मी कोण न्हाई. तिचा ऐकणारा हाय.” मग भाऊसोकडं वळून म्हणाला, “मामा, आमच्यात चहाच्या सुट्टीला अकरा जण तिला बघायचो. शपथेवर सांगतो, आता आमच्यात एकजण बिबट्याचा फोटो पुढं पाठवत न्हाई. तुमच्या उत्तरात जागा वाचली आन् गाड्या आडवायला रविवारच्या सुट्टीची वाट बघत बसलो.”

गाड्या माघारी वळल्या. दिवस कोंड्याच्या भाकरीचे असोत नाहीतर सुकाळाचे, भाऊसोनं कधी छाती फुगवली नव्हती. त्या दिवशी फुगली. तिचा शब्द शंभरेक किलोमीटरवरचा माणूस आपल्या पदरचं पेट्रोल घालून राखायला आला होता.

मेंढरांच्या मधे बसूनच त्यानं फोन समोर धरला. “मी भाऊसो. मंगलचा मालक. जागा मी सांगितली, ती माझी चूक. तिनं कवा सांगितली न्हवती. पिल्लं बघायची तर फोनात बघा, माळावर येऊ नगासा.” आधीच्या व्हिडिओखालचं ते उत्तर त्यानं पुसून टाकलं. महिन्याभरात त्याचं हे बोलणं तिच्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त माणसांनी ऐकलं. ग्रामसभेत ते लावलं, तेव्हा धोंडुबाई पहिल्या रांगेत बसून भोवतालच्या बायकांना ठणकावून सांगत होती, “आमच्या मंगीचं काम हाय हे.”

वनरक्षकाला लांडगीण पलीकडच्या उतारावर दिसली. तिच्याबरोबर चार पिल्लं होती. पाचवं सापडलेलं नाही. माळाच्या गाडीवाटेवर आडवा चर खणायचा ठराव ग्रामसभेनं एकमतानं केला आहे. चर अजून खणलेला नाही.