झाकून ठेवलेले काजाचे मशीन

मित्रांनो, शर्टाचे बटण ज्या फटीतून पलीकडे जाते, त्या फटीला काज म्हणतात. तुम्ही तिच्याकडे कधी लक्ष दिले नसेल. चांगल्या काजाकडे कोणाचे लक्ष जातही नाही, बिघडलेले मात्र दिवसभर छळते. अशी लाखो काजे केलेले मी एक जुने मशीन आहे. सध्या मला काही काम नाही, त्यामुळे बोलायला वेळच वेळ आहे.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. तिथले फारसे आठवत नाही. तेलाचा वास, अंगावरचा ओला काळा रंग आणि पोटाखाली ठोकलेला क्रमांक, बस्स. मग लाकडी खोक्यात, भुशात बसून मी या शहरात आले. ज्यांनी मला विकत घेतले ते गृहस्थ मोजके बोलणारे होते. त्यांचा मुलगा ट्रक चालवायचा. एका जागी बसणे म्हणजे त्याला शिक्षाच. म्हणून सासऱ्यांनी सुनेलाच माझ्यापुढे बसवले.

पहिल्याच आठवड्यात तिने एका कोटाला चुकीच्या बाजूला काज पाडले. माझे काम असे आहे की मी आधी दोन्ही कडांना दाट टाके घालते आणि मग मधोमध सुरी टाकते. टाके उसवता येतात, सुरीचे कापलेले परत येत नाही. तिचे डोळे भरून आले. सासरे रागावले नाहीत. तो कोट घेऊन ते स्वतः शिंप्याकडे माफी मागायला गेले आणि परत आल्यावर एवढेच म्हणाले, “सूनबाई, घाई करायची असेल तर खडूने खुणा करताना कर. सुरी पडताना नको.”

त्यानंतरच्या बत्तीस वर्षांत तिचे काज चुकलेले मला आठवत नाही. सासरे गेले, नवरा थकून घरी बसला, मुलगी कॉलेजात जाऊ लागली आणि ती सगळ्या गल्लीची काजकाकू झाली.

आमची गल्ली शिंप्यांची. सोळा दुकाने आणि काजाचे मशीन एकच, ते म्हणजे मी. तुम्ही विचाराल, प्रत्येकाने आपापले का नाही घेतले? अहो, एका शिंप्याचे दिवसाचे काजाचे काम ते किती? वीस-पंचवीस मिनिटांचे. तेवढ्यासाठी कोण माझ्याएवढे धूड घरात आणून ठेवील? त्यापेक्षा शिवलेले कपडे काजकाकूकडे टाकायचे आणि संध्याकाळी उचलायचे. सोळा जणांचे शेवटचे काम आमच्या एका खोलीत व्हायचे. कोणी लिहून ठेवलेली पद्धत नव्हती ती, आपोआप बसलेली घडी होती.

समोरचे चष्मेवाले मास्तर गल्लीतले सर्वांत जुने शिंपी. शर्ट परत घेताना ते एखादे काज डोळ्याला लावून बघायचे.

“काकू, यातून पलीकडचं गिऱ्हाईक दिसतंय.”

“दिसतंय ना? मग जा, आधी त्याला गाठा. इथे काय उभे राहिलात?”

रोज हाच विनोद. रोज दोघेही हसायचे. मलाही तो आवडायचा.

आमच्या खोलीला पाटी मात्र नव्हती. पाटी कोणासाठी लावायची? रस्त्यावरून जाणाऱ्याचे आमच्याशी काही काम नसे. ज्यांचे असे, ते डोळे मिटूनही आले असते. आणि खोलीत पसारा म्हणाल तर विचारू नका. टेबलावर शर्ट, खुर्चीवर शर्ट, दाराच्या कडीला कोट. कोणाचा गठ्ठा कोणता हे काकूला बोचक्याच्या कापडावरून कळायचे. बसायला जागा मागणाऱ्याला ती सांगायची, “उभ्या उभ्याच बोला, बसलात तर तुम्हालाही काज पाडून देईन.”

मग शहराने एक चांगला निर्णय घेतला. मी हे टोमणा म्हणून बोलत नाही, निर्णय खरोखरच चांगला होता. आमच्या गल्लीतली छपरे गळत होती, भिंतींना ओल आली होती. छोटे धंदे टिकले तर शहर टिकेल, असे कोणाच्या तरी मनात आले आणि जवळच नवी बाजार-इमारत बांधायला घेतली. गल्लीतल्या प्रत्येक चालू दुकानाला तिथे जुन्याच भाड्यात एक गाळा मिळणार होता. अट एकच. दुकान खरोखर चालू आहे, याची पाहणी होणार होती.

अर्ज मुलीने भरला. मी शेजारीच होते, सगळे ऐकत होते.

“आई, इथे विचारलंय, तुम्ही काय विकता?”

“काही नाही.”

“असं कसं लिहू?”

“मग काय खोटं लिहू? शर्ट मास्तर विकतात. मी नुसती भोकं पाडते.”

मुलीने हसून ‘सेवा’ या शब्दापुढे खूण केली. अर्ज गेला. काकू त्या दिवसांत फार खुशीत होती. नव्या गाळ्यात मला खिडकीपाशी ठेवायचे, म्हणजे दिवा न लावता खुणा दिसतील, असे तिने ठरवूनही टाकले. माझ्या अंगावर हात फिरवत म्हणाली, “बत्तीस वर्षं भिंतीकडे तोंड करून बसलो आपण दोघी.” मी मशीन असले तरी तिच्या बोलण्यात नेहमी दोघीच असायचो.

पाहणीचा दिवस कळला आणि आमच्याकडे धावपळ उडाली. मोठे कार्यालय आपल्या खोलीत येणार म्हणजे काय थट्टा आहे? आदल्या दिवशी काकूने मला सकाळपासून असे दामटवले की माझी मोटर तापली. त्रेसष्ट शर्ट, नऊ कोट. एकही कपडा शिल्लक ठेवायचा नाही म्हणून सगळे संपवले. सगळी बोचकी पोहोचती केली आणि प्रत्येक दुकानात सांगून आली, “उद्या दुपारपर्यंत काही पाठवू नका हं. पाहणी आहे. खोली जरा नीटनेटकी दिसू दे.”

मला तेव्हाच धस्स झाले होते. पण माझ्या तोंडी सुई आहे, जीभ नाही. तिने फरशी पुसली, सुतळ्यांचे तुकडे वेचले, खडू डब्यात टाकले, चिंध्यांचे पोते मागे लपवले. शेजारून दोन खुर्च्या आणल्या. शेवटी मला तेलपाणी करून माझ्यावर स्वच्छ पांढरी चादर घातली. चादरीखाली मला काही दिसत नव्हते. नुसते ऐकू येत होते.

पाहणीला आलेल्या बाई तरुण होत्या, आवाजाने गोड. बसायला सांगितले तर “थँक्यू काकू” म्हणाल्या.

“काम चालू असतं ना इथे?”

“हो, हो. रोज असतं.”

“आत्ता काही दिसत नाहीये.”

“तुम्ही येणार म्हणून कालच संपवून टाकलं सगळं.”

कागदावर पेन खरडल्याचा आवाज आला. मग बाईंनी विचारले, “बाहेर पाटी नाही?”

“पाटी कशाला? सगळ्यांना माहीत आहे.”

“गिऱ्हाईकं कधी येतात?”

“गिऱ्हाईकं इथे येत नाहीत. शिंपी कपडे पाठवतात. आज मीच नको म्हटलं.”

“या चादरीखाली काय आहे?”

“मशीन आहे. चालवून दाखवू?” काकू उत्साहाने म्हणाली. चादर निघाली. मला वाटले, आता सुटलो. पण काज करायला कापड लागते आणि खोलीत बोटभर चिंधीसुद्धा बाहेर नव्हती. काकू मागच्या पोत्याकडे धावली, तोवर बाईंनी माझा, रिकाम्या टेबलाचा आणि पुसलेल्या फरशीचा फोटो काढला होता.

“राहू दे काकू, मला अजून अकरा ठिकाणी जायचंय. मला जे दिसतं तेच लिहावं लागतं हो.” त्यांना वाईट वाटत होते, हे मला आवाजावरून कळले. वाईट वाटून त्या गेल्या.

बारा वाजता चष्मेवाले मास्तर दोन्ही हातांत बोचकी घेऊन आले. काय झाले ते ऐकून बोचक्यांसकट खुर्चीत बसले. “अहो काकू, पाहुणे जेवायला येणार म्हणून कोणी चूल विझवून ठेवतं का?”

 काकूने एक बोचके सोडले, खडू घेतला आणि खुणा करायला लागली. त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्या खुणा तिरक्या पडल्या. पुसून तिने पुन्हा केल्या.

यादी लागली. पंधरा नव्हे, सोळाच्या सोळा शिंप्यांना गाळे मिळाले. आमच्या नावापुढे लिहिले होते, ‘व्यवसाय बंद स्थितीत’. ज्या खोलीत त्या क्षणी एकोणचाळीस शर्ट पडले होते, ती खोली बंद होती म्हणे. शिंप्यांनी मिळून अर्ज केला. मास्तर स्वतः सह्या गोळा करून कार्यालयात गेले. तिथे त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की पुढच्या फेरीत पुन्हा पाहणी होईल, तेव्हा नक्की बघू.

पुढची फेरी सात महिन्यांनी झाली. तोवर शिंपी नव्या इमारतीत गेले होते आणि जुनी गल्ली पाडायला सुरुवात झाली होती. मला काकूच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी हलवले. तिथे मी चालू लागले की खालच्या मजल्यावरच्या आजींची मांडणीतली भांडी वाजायची. त्या बिचाऱ्या दोनदा वर येऊन गेल्या, तिसऱ्यांदा येण्याआधी काकूने आपणच मला बंद केले. त्याआधी मास्तर महिनाभर कपडे हातात घेऊन चार मजले चढले-उतरले होते. त्यांचे गुडघे ते किती साथ देणार? शेवटी सगळ्या शिंप्यांनी मिळून एक छोटे मशीन घेतले. ते सांगायला मास्तर आले तेव्हा चहाला नको म्हणाले आणि दारातूनच परत गेले. पाहणीची दुसरी फेरी आली तेव्हा आमच्याकडे खरोखरच काम नव्हते. या वेळी कार्यालयाने लिहिले ते अगदी बरोबर होते.

मित्रांनो, मी बत्तीस वर्षांत एकदाही अडले नाही. सुई मोडली तर बदलली, पट्टा सैल झाला तर ताणला. माझा जिथे काहीच दोष नव्हता, तिथेच मी निकामी झाले. याचा राग कोणावर काढू? मला तर एकही वाईट माणूस सापडत नाही.

वर्षभराने नव्या इमारतीच्या लोकांना तळमजल्यावर शोभेसाठी एखादे जुने मशीन हवे होते. भंगारात जाण्यापेक्षा बरे म्हणून काकूने मला देऊन टाकले. आता मी जिन्याशेजारी उभे आहे. भोवती जाड दोरी, समोर चकचकीत पाटी, ‘आपल्या शहराचे छोटे उद्योग, आपला अभिमान’. गाळा काकूने मागितला होता. जागा मिळाली ती मला.

परवा ती आली होती. आता ती घरी बसून हाताने बटणे लावते आणि बोचके वर मास्तरांकडे पोहोचवते. रोज ती माझ्याकडे न बघता जिना चढते. परवा मात्र थांबली. ज्याने मला सजवले, त्याने माझ्या सुईत लालभडक दोरा ओवला आहे. काकू वाकून बघत राहिली. मग तिने दोरीवरून हात पुढे केला.

“बाई, हात लावू नका,” रखवालदार म्हणाला.

“दोरा उलट्या बाजूने ओवलाय. एक मिनिट, नीट करते. असं चालवलं तर पहिल्याच टाक्याला तुटेल.”

“चालवणार कोण आहे?”

तो उद्धटपणे बोलला नाही. त्याने साधा प्रश्न विचारला. काकूने हात मागे घेतला, बोचके उचलले आणि ती वर गेली. वरून त्या छोट्या मशीनचा आवाज येत होता.

मित्रांनो, तुमच्या गल्लीतही पाटी नसलेली एखादी खोली असेल. तिथे पसारा असेल, बसायला जागा नसेल, कोणी तुमच्याशी धड बोलणारही नाही. तिथे कधी डोकावलात तर तो पसारा डोळे भरून बघा आणि घरी जाऊन मोठ्यांना सांगा की तिथे काम चालू आहे. आणि मला बघायला आलात, तर रखवालदाराची परवानगी घेऊन माझा दोरा तेवढा नीट ओवून द्या. मी पुन्हा चालणार नाही, हे मला माहीत आहे. पण तिला रोज याच जिन्याने जावे लागते.