शाकिरचा डावा पाय

मी जुना आहे, लाकडाचा आहे आणि डावा आहे. मित्रांनो, मी एका माणसाचा पाय आहे.

हुवैज गावात नदीकाठी होड्या बांधणारा महदी सुतार राहायचा. होडीतून उरलेल्या तुतीच्या लाकडातून त्याने मला घडवलं. शाकिर तेव्हा चोवीस वर्षांचा होता. तो खजुराच्या वखारीत कामाला होता. आमच्या हुकूमशहाने शेजारच्या देशाशी युद्ध पुकारलं आणि शाकिरच्या हाती बंदूक दिली. चिखलात पुरलेल्या सुरुंगाने त्याचा डावा पाय गुडघ्याखालून नेला. महदीने मला आतून मेंढीचं कातडं लावलं, पट्टे ठोकले. शाकिर मला घालून चार पावलं चालला तेव्हा महदी म्हणाला, "याला पाण्यात सोडला असता तर समुद्रापार गेला असता." माझी छाती फुगली. मला तेव्हा काय कळत होतं!

हुकूमशहाने शाकिरला पदक पाठवलं. पदकावर हुकूमशहाचाच चेहरा होता. वखारीत शाकिरचा धाकटा भाऊ रियाद ते पाहून म्हणाला, "दादाचा पाय घेतला आणि बदल्यात स्वतःचं थोबाड दिलं. दादा, सौद्यात बुडालास."

सगळे हसले. हसणाऱ्यांपैकीच कोणीतरी जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी चौघे घरात शिरले आणि रियादला जेवत्या ताटावरून उठवून मोटारीत घालून घेऊन गेले. त्याला हातही धुऊ दिला नाही. शाकिर मोटारीमागे धावला. म्हणजे मी जेवढा धावू शकतो तेवढाच.

त्यानंतर सोळा वर्षं शाकिरच्या भिंतीवर हुकूमशहाची तसबीर होती. ती काढणं म्हणजे मरण. शाकिर तिची धूळ पुसायचा आणि मग साबणाने हात धुवायचा, कातडी लाल होईपर्यंत.

शेवटी हुकूमशहा पडला. चौकातला पुतळाही पडला. शाकिर तिथे गेला, पण थांबला नाही. पदक आलं तेव्हा ज्यांनी टाळ्या पिटल्या होत्या, तेच लोक पुतळ्याला सर्वांत जोरात जोडे मारत होते. त्याला शिसारी आली.

मग गावाबाहेरच्या माळावर प्रेतं पुरलेले खड्डे सापडले. शाकिर अकरा दिवस तिथे जात होता. पांढऱ्या कापडातल्या प्रत्येक गाठोड्यापाशी वाकत होता. ओल्या मातीने माझं कातडं कुजलं. रियाद सापडला नाही.

हुकूमशहावर खटला भरला. शाकिर तो टीव्हीवर बघायचा. न्यायाधीशांनी खड्ड्यांबद्दल विचारलं, तेव्हा इस्त्रीच्या कोटातला तो माणूस म्हणाला, "एवढी नावं कोण लक्षात ठेवतं?" आणि चहात साखर कमी आहे अशी तक्रार केली. शाकिर अंगणात जाऊन ओकला.

निकाल लागायच्या आतच हुकूमशहा तुरुंगातल्या दवाखान्यात झोपेत मेला. स्वच्छ चादरीवर. गावात मिठाई वाटली गेली. शाकिरची बायको नाहिदा खजूर भरलेल्या वड्यांची बशी घेऊन आली.

"अहो, मेला ना तो? एक तरी खा."

"त्याच्या नावाचं गोड मी तोंडात घालू?" शाकिर म्हणाला. "मला त्याचं मरण नको होतं गं. रियादला कुठल्या खड्ड्यात टाकलं, तेवढं त्याने सांगून मरायचं होतं. ते गिळून गेला मेला."

नाहिदाने बशी झाकून ठेवली. त्या दिवशी शाकिर पहिल्यांदा मोठ्याने रडला.

वर्षं गेली. एकदा चहाच्या दुकानात वीज गेली, पंखा थांबला. शाकिरचा शेजारी अबू घानिम घाम पुसत म्हणाला, "काही म्हणा, त्याच्या राज्यात वीज तरी जात नव्हती. शिस्त होती."

आणखी दोघांनी माना डोलावल्या. शाकिरने विजार वर सरकवली, पट्टे सोडले आणि मला चहाच्या पेल्यांमध्ये टेबलावर ठेवलं.

"ही त्याची शिस्त," तो म्हणाला. "घे. आज हा बांधून घरी जा. वाटेत माझ्या भावाला हाक मार. तो ओ देतो का बघ."

अबू घानिमने मला हात लावला नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. "मी आपलं विजेचं बोलत होतो," तो पुटपुटला. शाकिरने मला पुन्हा बांधलं, अर्धा चहा तसाच ठेवला आणि आम्ही निघालो.

मित्रांनो, आता मला भेगा पडल्या आहेत. म्हातारी भांडी, जुनी घड्याळं, मोडके झोपाळे तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. महदीसारखे कुशल हात तुमच्याही गावात असतील. त्यांना होड्याच बांधू द्या. माझ्यासारखा पाय पुन्हा कोणाला घडवावा लागू नये, तेवढं जपा.