बदकांच्या ओळखीचा कोट

मित्रांनो, मी एक जुना लोकरी कोट आहे. ठिगळं पाहून नाक मुरडू नका, आमच्या बेटावर माझा मान मोठा आहे.

उत्तर ध्रुवाकडच्या या चिमुकल्या बेटावर गुनवोरच्या आईने मला शिवलं, आणि तिच्यामागे मी गुनवोरच्या अंगावर आलो. दर वसंतात समुद्री बदकं इथे अंडी घालायला येतात. त्यांना कुणी धक्का लावायचा नाही असा आता कायदा आहे, पण इथल्या बायका त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांना जपत आल्या आहेत. बदकं आली की कुत्री बांधून ठेवायची, बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत आणि घरट्यांजवळ एकाच बाईने, एकाच कोटात जायचं. तो कोट मी. गुनवोर घरट्यांत वाळलेलं शेवाळ अंथरायची आणि पिल्लं समुद्रात उतरली की मागे राहिलेली मऊ पिसं रजईसाठी वेचायची. किती सुखाचे दिवस होते ते. पुढे घरं ओस पडली, माणसं शहरात गेली. बदकं येत राहिली, म्हणून गुनवोरही राहिली.

एका वसंतात तिचे गुडघे धरले. सून सिव मदतीला आली.

"आई, या कोटाला काय वास येतोय. मी आपली माझं नवं जाकीट घालून जाते."

"जा बाई. बदकं काय म्हणतात ते बघ."

सिवचं लाल जाकीट दिसताच बदकं अंडी टाकून उडाली. उघड्या अंड्यांवर ती खायला टपलेले कुरव पक्षी घिरट्या घालू लागले. सिव धावत परत आली.

"आई, अंडी जातील हो सगळी. काय करू आता?"

"त्यांना माझं तोंड कुठे ठाऊक आहे? हा ठाऊक आहे," म्हणत गुनवोरने मला खुंटीवरून काढलं. "आणि माझ्यासारखी हळू चाल. मिरवायला नाही निघालीस."

सिवने मला अंगावर चढवलं. आम्ही काठाकाठाने सावकाश गेलो. एक बदकीण पाण्यातून वर आली, माझ्याकडे बघत थांबली आणि डुलत डुलत अंड्यांवर जाऊन बसली. तिच्यामागून बाकीच्याही आल्या. मला रडता येत असतं तर मी रडलो असतो.

गुनवोर त्याच वर्षी हिवाळ्यात गेली. मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिला कोण ओळखतं एवढं जरूर पाहा. परवा मला घालून घरट्यांकडे गेलेल्या सिवने एका म्हाताऱ्या बदकिणीच्या पाठीवरून हात फिरवला. ती जागची हलली नाही. तिच्या लेखी गुनवोर अजून रोज येते.